घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचंय? आधी ब्राउझर बदला, मग बाकीचं

मिरजेच्या काकांचा फोन आला. "अरे, हा कॉम्प्युटर म्हणतोय तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला, आणि दुकानदार म्हणतो डबा भंगारात घाला. चालतोय की रे अजून चांगला!" डबा म्हणजे चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरणारी हार्ड डिस्क. त्याच्यावर काका करतात काय, तर सोसायटीचा हिशोब, मराठीत नोटिसा, बँकेची साइट, लाईट बिल, यूट्यूबवर कीर्तन आणि रविवारी पुण्याच्या नातीशी व्हिडिओ कॉल. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे गुडघा दुखतो म्हणून घर बदलण्यासारखं झालं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे मात्र खरंय. त्याने कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सिक्युरिटी अपडेट थांबतात, आणि ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकतो तिथे ते थांबणं बरं नाही. मायक्रोसॉफ्टने घरच्या लोकांसाठी एक वर्षाची वाढ दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, म्हणजे तोही उपाय तात्पुरताच. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. पिढी ओळखायची ती मॉडेल नंबरवरून, आय-फाईव्ह ८२५० असं असेल तर पहिला आकडा ८ म्हणजे आठवी, काकांचा आय-थ्री ४००५ म्हणजे चौथी. झालं, विषय संपला.

यावर माझा उपाय लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस). आत्तापर्यंत नातेवाइकांची आणि बिल्डिंगमधली मिळून सात-आठ मशीन्स मी लिनक्सवर आणलीत, त्यातली पहिली दोन परत विंडोजवर गेली. का गेली ते नंतर कळलं. मी यूट्यूबवर 'टॉप टेन डिस्ट्रो' (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) बघून सुरुवात केली होती, म्हणजे लग्न ठरायच्या आधी मांडवाचा रंग ठरवत होतो. आता मी उलटं करतो. आधी माणूस काय वापरतो ते बघायचं, मग विंडोजवर असतानाच त्याचा ब्राउझर आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर बदलायचं, आणि त्याची सवय झाली की खालची ऑपरेटिंग सिस्टिम हळूच काढून घ्यायची. काकांच्या बाबतीत हेच केलं, त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं काम, टेबलाजवळ बसा आणि लिहून काढा

कागद घ्या. कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक वस्तू आणि आठवड्यात उघडणारं प्रत्येक सॉफ्टवेअर लिहा. फोनवर विचारू नका, समोर बसून बघा, कारण लोक 'काही नाही रे, नुसतं इंटरनेट' म्हणतात आणि नंतर कळतं की दर महिन्याला टॅली उघडतंय.

काही गोष्टी यादीत सापडल्या तर सरळ थांबा. टॅली विंडोजवरचं आहे, लिनक्सवर वाईन (विंडोजची सॉफ्टवेअर चालवून बघणारा प्रोग्रॅम) वगैरे घालून ढकलता येतं पण हिशोबाच्या कामात असले खेळ नकोत. फोटोशॉप, ऑटोकॅड, कोरल ड्रॉ यांच्या लिनक्सच्या आवृत्त्याच नाहीत. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन लावत असाल, बोटांचे ठसे घेणारं मशीन असेल, तर तिथे विंडोज राहू द्या, हवं तर दोन्ही ओएस शेजारी ठेवा. या लोकांना लिनक्स गळ्यात मारून फायदा नाही, चार दिवसांनी शिव्या आपल्यालाच पडतात.

प्रिंटर हा दुसरा खडा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर चांगले चालतात, फक्त लेझरजेट १०२० सारख्या जुन्या मॉडेलला एक वेगळा प्लगइन डाउनलोड करावा लागतो, तो नाही टाकला तर प्रिंटर दिसतो पण कागद काही बाहेर येत नाही. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र डोकेदुखी आहे, त्याची प्रिंटरशी बोलायची पद्धतच वेगळी आहे, ड्रायव्हर आहे पण बसवताना घाम निघतो. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवायच दिसतात.

आणि तिसरी गोष्ट, जी इंग्रजी गाईडमध्ये कधीच नसते, ती म्हणजे फॉन्ट. काकांच्या दहा वर्षांच्या नोटिसा दोन प्रकारच्या निघाल्या. नव्या सगळ्या युनिकोडमध्ये, मंगल फॉन्टात, त्या कुठेही उघडतात. जुन्या मात्र श्रीलिपी टाइपच्या फॉन्टात, ज्यात खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी दाखवतो. फॉन्ट नसला की 'सर्वसाधारण सभा' ऐवजी कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं दिसतात. अशा फाइल असतील तर विंडोज आहे तोवरच त्यांच्या पीडीएफ करून ठेवा. पुढे कधी बदल करायची वेळ आली तर युनिकोड कन्व्हर्टर आहेतच, पण वाचता येईल अशी एक प्रत हातात पाहिजे.

मग विंडोजवरच ब्राउझर बदला

इथे थोडा वेळ घालवू, कारण दिवसातला बहुतेक वेळ माणूस ब्राउझरमध्येच असतो.

क्रोम ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाहीये. क्रोम ज्यावर बांधलंय ते क्रोमियम ओपन सोर्स आहे, २००८ पासून, आणि त्याच क्रोमियमवर एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी सगळे उभे आहेत. यातला ब्रेव्ह ओपन सोर्स आहे, एज आणि ऑपेरा नाहीत, विवाल्डीचा वरचा दिसणारा भाग नाही. या सगळ्या गर्दीत विंडोज-लिनक्सवर वेगळं इंजिन (वेबपान दाखवणारा आतला भाग) चालवणारा, नाव घेण्यासारखा ब्राउझर एकच, फायरफॉक्स. त्याची मुळं नेटस्केपमध्ये, ज्याचा कोड १९९८ मध्ये खुला केला गेला, आणि फायरफॉक्स १.० आला नोव्हेंबर २००४ मध्ये. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मोझिलाचे बहुतेक पैसे गूगलकडूनच येतात, डीफॉल्ट सर्च इंजिन ठेवल्याबद्दल, त्यामुळे 'गूगलपासून मुक्ती' वगैरे घोषणा मी देत नाही. पण घरच्या वापराला मी आधी फायरफॉक्सच टाकतो आणि त्याचं मुख्य कारण आहे यूब्लॉक ओरिजिन.

हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि त्यात याची पूर्ण आवृत्ती क्रोमवर बंद झाली, आता तिथे हलकी 'लाइट' आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर पूर्ण चालते. तुम्ही म्हणाल जाहिराती दिसल्या तर काय बिघडतं, तर काकांचा अनुभव ऐका. त्यांना एका फॉर्मची पीडीएफ हवी होती, त्या पानावर हिरवी 'डाउनलोड' बटणं चार होती आणि खरं बटण त्यात नव्हतंच, ते खाली बारीक निळ्या अक्षरात. काकांनी तीन वेगवेगळे 'पीसी क्लीनर' टाकून घेतले होते. यूब्लॉक टाकल्यावर तेच पान उघडलं तर चारही बटणं गायब, उरली ती निळी ओळ. काका म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

टाकताना नाव नीट बघा, 'यूब्लॉक ओरिजिन' असंच पाहिजे, नुसतं 'यूब्लॉक' किंवा आणखी काही शेपूट लावलेलं नको. सेटिंग काही बदलू नका, आहे तसं चांगलं आहे. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सलाही ते चालतं, मोबाईलवर एकदा टाकून बघा, बातम्यांच्या साइट्स ओळखू येणार नाहीत.

सामान हलवायचं ते असं. फायरफॉक्स स्वतःच क्रोममधले बुकमार्क ओढून घेतो, सेटिंगमध्ये 'इम्पोर्ट' आहे. पासवर्ड कधी येतात कधी नाही, नाही आले तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करा, एक फाइल मिळते, ती फायरफॉक्सला द्या आणि मग ती फाइल लगेच डिलीट करून रिसायकल बिन पण रिकामा करा, कारण त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे, साध्या अक्षरात असतात. हे विसरू नका, मी एका घरी अशी फाइल डेस्कटॉपवर वर्षभर पडलेली पाहिलीय. नंतर फायरफॉक्सचं अकाउंट उघडून सिंक चालू केलं तर लिनक्सवर गेल्यावर लॉगिन केलं की सगळं परत येतं, आणि तो डेटा मोझिलालाही वाचता येत नाही अशा पद्धतीने जातो. त्याचा पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा, तो हरवला तर रिकव्हरीचं लफडं आहे.

ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्टँडर्ड'वरच राहू दे. 'स्ट्रिक्ट' केलं की अधूनमधून एखादी साइट अर्धवट उघडते आणि मग काका फोन करतात.

काही साइट्स फायरफॉक्सवर नाटक करतात, खासकरून जुन्या सरकारी पोर्टलच्या आणि काही बँकांच्या. एका बँकेच्या साइटवर ओटीपी टाकायचा चौकोनच येत नव्हता, अर्धा तास घालवल्यावर कळलं की ती छोटी विंडो पॉपअप म्हणून अडवली जात होती. पत्त्याच्या पट्टीखाली एक पिवळी पट्टी येते, तिथे 'अलाऊ' करायचं, झालं. तरीही एखादी साइट नाहीच ऐकली तर दुसरा ब्राउझर हाताशी ठेवावा, क्रोमियमच्या वंशातला. इथे पर्याय दोन. नुसतं क्रोमियम साधं आहे, पण त्याच्यात गूगल अकाउंटचं सिंक मार्च २०२१ पासून बंद आहे आणि ओटीटीवरचे संरक्षित व्हिडिओ सहसा आपोआप चालत नाहीत. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवणं आतच आहे, व्हिडिओ पण परवानगी दिली की चालतात, फक्त पहिल्या दिवशी बसून क्रिप्टो वॉलेट, रिवॉर्ड, न्यूज ही सगळी बटणं लपवून टाका, नाहीतर घरातले कुणीतरी नको तिथे क्लिक करणार. काकांकडे मी फायरफॉक्स मुख्य ठेवला आणि ब्रेव्हच्या आयकॉनखाली नाव बदलून 'बँक अडली तर' असं लिहिलं.

लिब्रेवुल्फचं नाव कुणी सुचवेल. फायरफॉक्सचीच जास्त कडक आवृत्ती आहे, मी स्वतः वापरतो. पण बंद केला की कुकी पुसून टाकतो, म्हणजे रोज सगळीकडे नव्याने लॉगिन. सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर टाकू नका.

नव्या ब्राउझरच्या सवयीला दोन आठवडे द्या. त्याच काळात लिब्रेऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी) आणि व्हीएलसी (व्हिडिओ बघायला) पण विंडोजवरच टाकून द्या. लिब्रेऑफिसमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. एक, 'व्ह्यू'मधल्या 'यूजर इंटरफेस'मध्ये जाऊन 'टॅब्ड' निवडा, म्हणजे वर्डसारख्या पट्ट्या दिसतात आणि अर्धी भीती जाते. दोन, ऑप्शन्समध्ये भाषांचा भाग आहे तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर टिक करून मराठी निवडा, ते नाही केलं तर देवनागरीचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपेक्षा वेगळा का चाललाय याचं कोडं सुटत नाही. फाइल वर्डच्या .docx प्रकारात सेव्ह करण्याचं डीफॉल्टही ऑप्शन्समध्येच, 'लोड/सेव्ह'च्या भागात बदलता येतं. वर्डमध्ये बनवलेली साधी पत्रं नीट उघडतात, टेबलं आणि चौकटी असलेली बायोडेटा टाइप फाइल थोडी हलते, लिनक्सवर मंगल फॉन्ट नसल्याने पानंही पुढेमागे होतात. ज्यांना रोज समोरच्याच्या वर्ड फाइलमध्ये दुरुस्त्या करून परत पाठवायच्या असतात त्यांना हे सोसणार नाही, त्यांना आधीच सांगा.

दोन आठवडे झाले, तक्रार नाही, तर पुढे.

आता ओएस कुठली

नावं शेकडो आहेत पण घरगुती वापराला निवड खरं तर चार-पाचातच करायचीय. सगळ्यांच्या पोटात लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोच, जो लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकत असताना सुरू केला, तोच तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. वरचं घर कोण कसं सजवतो आणि किती वर्षं दुरुस्ती करतो एवढाच फरक.

माझं उत्तर बहुतेक वेळा लिनक्स मिंट. २००६ पासून आहे, उबुंटूवर बांधलेलं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, म्हणजे विंडोज ७ वापरलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. यात तीन रूपं मिळतात, त्यातलं सिनॅमन देखणं आणि एक्सएफसीई हलकं, तिसरं माटे, ते सोडा. ४ जीबी रॅम आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर सिनॅमन, जुनी हार्ड डिस्कच ठेवणार असाल तर एक्सएफसीई. मिंटवाले २ जीबीपण पुरेल म्हणतात, पण आजच्या वेबसाइट्स बघता २ जीबीवर तीन टॅब उघडले की मशीन खोकायला लागतं, ओएस कुठलीही असो.

उबुंटू स्वतः वाईट नाही, २००४ पासूनचं आहे, दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये लाँग टर्म आवृत्ती येते आणि ती ५ वर्षं चालते. पण डेस्कटॉपची मांडणी वेगळी, आणि फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पॅकिंगमध्ये देतात, जो जुन्या डिस्कवर पहिल्यांदा उघडताना वेळ खातो. झोरिन ओएस विंडोजसारखं दिसण्यावर मेहनत घेतं, त्याची १८ वी आवृत्ती बरोबर १४ ऑक्टोबर २०२५ लाच काढली, टायमिंगला दाद द्यावी लागेल, पैसेवाली 'प्रो' आहे पण फुकटवाली 'कोअर' घरी पुरते. फेडोरा नव्याकोऱ्या लॅपटॉपला चांगलं, कारण नवं हार्डवेअर लवकर ओळखतं, पण एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, म्हणजे दरवर्षी मोठं अपग्रेड, ते तुम्हीच करणार असाल तर घ्या. डेबियन दगडासारखं पक्कं, १९९३ पासूनचं, मला आवडतं, पण पहिल्यांदाच येणाऱ्याला मिंट सोपं. आपल्या सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स पण आहे, डेबियनवरच बांधलेलं, सरकारी कामांसाठी केलेलं, घरी मी नाही टाकत कारण अडलं तर उत्तर शोधायला माणसं कमी भेटतात.

एक विनंती, काली लिनक्स घरी टाकू नका. दर वर्षी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला एखादा भाचा आईच्या लॅपटॉपवर काली टाकतो. ते सिक्युरिटी तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, रोजच्या वापराला नाही, असं कालीवाले स्वतःच सांगतात.

३२ बिटचं फार जुनं मशीन असेल तर सगळ्या मोठ्या नावांनी दार लावून घेतलंय, डेबियननेही २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटचा इन्स्टॉलर काढला. अँटीएक्स वगैरे हलकी लिनक्स चालतील, पण त्यावर कष्ट घेण्याआधी विचार करा. आणि शाळेतल्या मुलांसाठी चालेल का असं विचाराल तर केरळच्या सरकारी शाळांमध्ये काइट या तिथल्या सरकारी संस्थेने केलेलं उबुंटूवर आधारित लिनक्सच चालतं, मुलं शिकतात व्यवस्थित.

रॅम किंवा डिस्क बदलायची का? एकच खर्च करायचा तर एसएसडी. काकांकडे २४० जीबीची साधी साटा एसएसडी लावली, जुनी डिस्क फोटोंसाठी तशीच ठेवली, चालू व्हायला तीन-चार मिनिटं लागत होती ती अर्ध्या मिनिटावर आली. हा फरक ओएसचा कमी आणि एसएसडीचा जास्त, हे कबूल केलं पाहिजे.

पेनड्राईव्ह आणि चाचणी

इन्स्टॉल करायची फाइल मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. साधारण ३ जीबीची आहे, म्हणजे रोज दीड-दोन जीबीचा मोबाईल पॅक असेल तर एका दिवसात उतरणार नाही, शेजारचं वायफाय मागा. ८ जीबीचा पेनड्राईव्ह लागतो आणि त्यातलं सगळं पुसलं जातं. ती फाइल पेनड्राईव्हवर बसवायला विंडोजवर रूफस किंवा एचर, दोन्ही ओपन सोर्स आहेत, यातलं एक उघडायचं, फाइल दाखवायची, पेनड्राईव्ह दाखवायचा, सुरू करायचं.

मग कॉम्प्युटर बंद करून पेनड्राईव्ह लावून चालू करा आणि बूट मेनूची की दाबत राहा. डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९ किंवा एस्केप, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ १२ पण ते आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं. मिंट थेट पेनड्राईव्हवरून उघडतं, डिस्कला हातही लावत नाही. थोडं रखडतं, पेनड्राईव्हवर चालतंय म्हणून, त्यावरून मत बनवू नका.

इथे घाई करू नका, तासभर बसा. वायफाय लागतंय का, स्पीकर आणि हेडफोन दोन्हीत आवाज येतो का, यूट्यूब लावा, कॅमेरा बघा, लॅपटॉप असेल तर ब्राइटनेसच्या कीज, टचपॅडवर दोन बोटांनी सरकणं, आणि झाकण बंद करून परत उघडल्यावर जागा होतो का. प्रिंटर जोडून एक पान खरोखर छापा. वायफाय नाही लागलं तर घाबरू नका, मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वायफायचा ड्रायव्हर सापडतो का बघा.

आणि मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडायची सोय आहे, तिथे भारतीय भाषांत 'मराठी इनस्क्रिप्ट' मिळतं. मी नेहमी एकच ओळ टाइप करून बघतो, 'दुसऱ्या मजल्यावर ॲड. खोत यांच्या घरी नळ गळतोय'. यात सगळं येतं. 'ऱ्या' मधला तो खांद्यावरचा आडवा र नीट बसतो का, ॲ दिसतो का, ळ शिफ्ट दाबून एनवर मिळतो का, ऱ शिफ्ट दाबून 'जे'वर. इनस्क्रिप्ट येत नसेल, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायची सवय असेल, तर आयबस (टाइप करायची भाषा सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका, लॉगआउट करून परत आलात की मराठीचे फोनेटिक प्रकार यादीत दिसतात. मोबाईलवरच्या कीबोर्डसारखा पुढचा शब्द सुचवत नाही, तेवढी सवय करावी लागते.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

आधी बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, दोन-चार फोटो तिथून उघडून बघा, आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून, हे महत्त्वाचं. मी एकदा बॅकअपची डिस्क तशीच लावून इन्स्टॉलर चालवला, यादीत दोन डिस्क सारख्याच साइजच्या दिसल्या, घाईत चुकीची निवडली आणि भाचीच्या बारशाचे फोटो गेले. ताईने अजून माफ केलेलं नाही.

लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घ्या किंवा लाईट जायचा वार सोडून करा. मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर विंडोजमध्येच चार कामं आधी करा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ते बंद करा. पॉवरच्या सेटिंगमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राईव्ह छोटा करून ५०-६० जीबी मोकळी जागा काढा. आणि विंडोज पूर्ण शटडाउन करा. मग इन्स्टॉलरमध्ये 'शेजारी टाका' असा पर्याय येतो. विंडोज नकोच असेल तर 'डिस्क पुसा', पण पुसण्याआधी डिस्कचं नाव आणि साइज मोठ्याने वाचा, वरचा किस्सा आठवून. मल्टिमीडिया कोडेकवर (गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या भागांवर) टिक करा, टाइमझोन कोलकाता, पासवर्ड वहीत. फिरता लॅपटॉप असेल तर एन्क्रिप्शन घ्या, काकांच्या हॉलमधल्या डेस्कटॉपला गरज नाही, तिथे मी आपोआप लॉगिन ठेवलं.

पंधरा-वीस मिनिटांत होतं. दोन ओएस ठेवलेल्यांना कधीकधी एक गंमत दिसते, विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. बिघाड नाहीये, लिनक्स आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्याला स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारं एक सेटिंग आहे, शोधलं की लगेच सापडतं.

पहिल्या संध्याकाळी

अपडेट मॅनेजर चालवा, सगळं येऊ द्या, पहिल्यांदा बराच वेळ लागतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच घ्या. फायरवॉलचं बटण चालू करा. टाइमशिफ्ट चालू करा, रोजचे दोन आणि आठवड्याचा एक स्नॅपशॉट पुरे, एखादं अपडेट बिघडलं तर मागच्या दिवशी जाता येतं. पण टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं, तुमचे फोटो नाही, त्यासाठी ती कपाटातली डिस्क महिन्याला एकदा काढायचीच. अँटीव्हायरस मी टाकत नाही, घरगुती लिनक्सला लागत नाही, पण 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री कापणार' म्हणून फोनवर ॲप टाकायला लावणारे असतात त्यांच्यापुढे कुठलीही ओएस उपयोगाची नाही, ते काकूंना वेगळं बसून सांगितलं.

फायरफॉक्समध्ये लॉगिन केलं, बुकमार्क परत आले, काकांनी कीर्तन लावलं. खरं तर त्यांना तेवढंच दिसलं, मेनूचा रंग बदललाय एवढंच म्हणाले. लांबून मदत करायला रस्टडेस्क टाकून ठेवलं, ओपन सोर्स आहे आणि फोनवर 'कुठे क्लिक करू' पेक्षा बरं. पहिल्या महिन्यात दोन फोन आले, एक प्रिंटरचा, कागद अडकला होता, आणि एक 'झूमचं ॲप कुठाय', ते ब्राउझरमधूनच जॉइन करायला दाखवलं.

तो पेनड्राईव्ह मात्र पुसू नका. त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवून 'मिंट' लिहा आणि कॉम्प्युटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. उद्या मशीन चालूच झालं नाही तर त्यावरून बूट करून फाइल बाहेर काढता येतात, आणि काकांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कुलकर्ण्यांना पण आता त्यांच्या लॅपटॉपवर हेच हवंय.